वीस मिनिटांचं दार

मिस्त्रींनी चाळीस वर्षांत किती दारं बसवली हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पण त्यातलं एकही घराचं मुख्य दार बाहेर उघडणारं नव्हतं, हे मात्र ते छातीवर हात ठेवून सांगत. दुकानाचं दार बाहेर उघडेल, थिएटरचं उघडेल, संडासाचं तर उघडलेलंच बरं. घराचं दार आतच उघडायला हवं. आलेल्या माणसाला दारानं आत घेऊन जायचं असतं, त्याच्या अंगावर चालून जायचं नसतं. एका गिऱ्हाइकानं जागा वाचते म्हणून बाहेर उघडणारं दार मागितलं, तेव्हा यांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि तडक घर गाठलं. गिऱ्हाईक जिन्यापर्यंत मागे आलं, पण यांनी वळून पाहिलं नाही. असा हा हट्टी म्हातारा.

आणि आज सकाळी दहाच्या सुमाराला त्याच म्हाताऱ्याला सुनेचा फोन आला होता. "बाबा, आमचं दार उलटं करून द्या. बाहेर उघडेल असं. चारच्या आत."

साडेअकराला तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मिस्त्रींनी मनाशी पक्कं केलं होतं, की पोरीची समजूत काढायची, एक जास्तीची कडी बसवून द्यायची आणि चहा पिऊन परत फिरायचं. पिशवीत तीन नव्या पितळी बिजागऱ्या होत्या. पण त्या पिशवीत कायमच असायच्या.

सूनबाईंनी दार उघडलं ते आधी साखळी लावून, फटीतून बघून. ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. आज तिनं रजा टाकली होती. दीड महिन्यापूर्वी तिनं नवऱ्याला, म्हणजे मिस्त्रींच्या मुलाला, घराबाहेर काढलं होतं. भाडेकरार तिच्या नावावर होता म्हणून काढता तरी आलं. मुलगाही सुतारच. लहानपणी बापाचं गिरमिट हाती लागलं की दिसेल त्या लाकडाला भोक पाडत सुटायचा, म्हणून त्याला सगळे गिरमिटच म्हणायचे. पुढे धंद्यातही तेच नाव पडलं. हात असा सफाईदार, की मिस्त्री चारचौघांत कौतुक करायचं टाळायचे, दृष्ट लागेल म्हणून. घराबाहेर काढल्यापासून तो बापाकडे राहत होता.

"सूनबाई, घराचं दार बाहेर उघडत नाही," मिस्त्रींनी सुरुवात केली. "अशानं दार..."

"त्याचा नऊ वाजता फोन आला होता," ती म्हणाली. "चारला येतो म्हणाला. चिमीला न्यायला. म्हणाला, उघडलंस तर ठीक, नाही उघडलंस तर दारं उघडणं हा माझा धंदाच आहे."

चिमी म्हणजे नात, सहा वर्षांची. ती आतल्या खोलीत जमिनीवर पालथी पडून चित्रं काढत होती.

"पोलिसांना सांग."

"सांगितलं. म्हणाले, तो आला की फोन करा, माणूस पाठवतो. चौकीपासून इथं यायला वीस मिनिटं लागतात. मागच्या वेळी दार तीन लाथांत उघडलं होतं, बाबा."

मिस्त्रींनी पिशवी पुन्हा उचलली. मग म्हणाले, "तर मग चल, दोघी माझ्याकडे चला."

"तुमच्या घराची किल्ली त्याच्याकडे आहे."

तीही गोष्ट खरी होती. मिस्त्रींना सकाळचा चहा आठवला. बापलेक समोरासमोर बसले होते. गिरमिट कधी नव्हे तो हसऱ्या चेहऱ्याचा होता. आज एका ठिकाणी दाराचं काम आहे, असं तो म्हणाला होता. पोरगं कामाला लागलं म्हणून मिस्त्रींना इतकं बरं वाटलं, की त्यांनी आपल्या हातानं त्याची पटाशी दगडावर घासून धार लावून दिली होती.

ते दारापाशी गेले आणि चौकटीवरून हात फिरवू लागले. कडी जिथे अडकते तिथे तीन ठिगळं होती. नजरेला दिसत नव्हती, बोटांना लागत होती. ती त्यांनीच मारली होती. वर्षभरात तीनदा त्यांना इथे बोलावणं आलं होतं. पहिल्यांदा गिरमिट म्हणाला, दार फुगलं होतं, धक्का मारावा लागला. दुसऱ्यांदा म्हणाला, किल्ली आत राहिली होती. तिसऱ्यांदा काहीच म्हणाला नाही, नुसता गॅलरीत जाऊन सिगारेट ओढत बसला. तिन्ही वेळा कडीचे स्क्रू चौकटीतून लाकडाच्या ढलपीसकट उपटून आले होते. फुगलेलं दार असं तुटत नाही, हे आंधळ्या सुतारालाही कळलं असतं. मिस्त्रींना कळलं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची! त्यांनी तिन्ही वेळा रेषेला रेषा जुळणारं लाकूड शोधलं, ठिगळ बसवलं, घासलं, वर पॉलिश मारलं आणि तोंडात मूग गिळून घरी गेले.

"मी तक्रार द्यायला गेले होते," सून मागून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि तेच जास्त वाईट होतं. "त्यांनी माणूस पाठवला. त्यानं दार पाहिलं, चौकट पाहिली. म्हणाला, बाई, हे दार तर ठणठणीत आहे, कुणी तोडलं म्हणता? साक्षीदार आहे का कुणी?"

मिस्त्रींचा हात अजून त्या ठिगळांवर होता. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हातच्या कामाची त्यांना लाज वाटली.

तेवढ्यात चिमी रंगानं माखलेल्या बोटांनी बाहेर आली. आजोबांना बघून तिला आनंद झाला, पण तिनं विचारलं ते भलतंच. "आई, आज कपाट सरकवायचं नाही का?"

मिस्त्रींनी खाली पाहिलं. भिंतीपाशी उभ्या असलेल्या लोखंडी कपाटाच्या पायांपासून दारापर्यंत फरशीवर दोन लांब ओरखडे उठलेले होते. एकदा सरकवून असे ओरखडे उठत नाहीत.

त्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. "पाणी दे," ते म्हणाले. "आणि घड्याळ मला दिसेल असं ठेव."

आत उघडणारं दार बाहेर उघडायला लावणं म्हणजे नुसतं फिरवून टांगणं नव्हे. दार उतरवायचं, चौकटीच्या आतल्या खाचेत लाकडी पट्टी ठोकायची म्हणजे दार आत यायचं थांबतं, बाहेरच्या अंगाला बिजागऱ्यांसाठी नवी घरं, म्हणजे खाचा, कोरायची आणि दाराची कड रंधून बेतात आणायची. दोन माणसांचं दिवसभराचं काम. मिस्त्री एकटे होते, वय सदुसष्ट होतं आणि हातात चार तास होते.

बाराला दार उतरवलं आणि घर उघडं पडलं. बिनदाराचं घर किती नागडं दिसतं हे मिस्त्रींनी हजारदा पाहिलं होतं, पण त्याची भीती आज वाटली. जिन्यात पाऊल वाजलं की सुनेचा हात फोनकडे जायचा आणि मिस्त्रींचा रंधा थांबायचा. एकदा दूधवाला होता. एकदा वरच्या मजल्यावरचा कुत्रा होता, मालकाला ओढत खाली नेणारा. एकदा कुणीच नव्हतं, नुसती खालच्या फाटकाची कडी वाऱ्यानं वाजली होती. तरी तिघंही चांगली मिनिटभर श्वास रोखून उभी होती.

दोनच्या सुमाराला समोरचं दार उघडलं. समोरच्या काकू निवृत्त शिक्षिका होत्या आणि अजूनही सगळ्या जगाला वर्गातच बसवून बोलायच्या. मधला बोळ जेमतेम चार हातांचा. त्यांनी भुशाकडे पाहिलं, नव्या खाचांकडे पाहिलं आणि एका क्षणात सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"हे बाहेर उघडणार की काय?"

"हो."

"माझ्या दारावर येऊन आपटणार! मिस्त्री, घराचं दार कधी बाहेर उघडतं का? हे काय सिनेमाचं थिएटर आहे?"

कालपर्यंत हीच वाक्यं मिस्त्री स्वतः म्हणत होते. त्यांना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्यांनी पटाशी खाली ठेवली. "बाई, माझा मुलगा चारला येणार आहे," ते म्हणाले. "लाथ मारली की आत उघडणारं दार आत जातं. बाहेर उघडणारं जात नाही. चौकटच त्याला मागून धरते."

काकूंचा चष्मा नाकावर घसरला होता, तो त्यांनी वर केला नाही. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला ऐकू यायचं. तिन्ही वेळा. मी टीव्हीचा आवाज वाढवायचे."

"मी ठिगळ मारायचो," मिस्त्री म्हणाले.

काकूंनी वाकून आपल्या दाराबाहेरचा चपलांचा स्टँड उचलला, आत नेला आणि दार लावून घेतलं. बोळ तेवढा मोकळा झाला.

पावणेतीनला दार टांगलं. मिस्त्रींनी ते दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. आतून दोन कड्या घातल्या, एक वर आणि एक मधोमध, दोन्ही चौकटीच्या कोऱ्या लाकडात. बाहेरून मूठ ठेवली नाही, ओढायला काहीच नको. कड्यांच्या बाजूच्या फटीवर आतून घट्ट स्क्रू केलेली लोखंडी पट्टी आली, म्हणजे तिथे पटाशी घालून उचकटायची सोय उरली नाही. काम नेटकं झालं होतं. चार वाजायला अजून अवकाश होता. सुनेनं चहा ठेवला.

शेवटी तेल. चाळीस वर्षांची सवय, दार टांगलं की बिजागरीला दोन थेंब तेल सोडायचं आणि तेल नीट उतरावं म्हणून पिन थोडी वर उचलायची. मिस्त्री बोळात उभे राहिले, वरच्या बिजागरीची पिन त्यांनी दोन बोटांत धरली आणि ती अलगद वर आली. ते तिच्याकडे बघतच राहिले. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते त्यांना त्या घडीला कळलं.

ते नेहमी सुट्या पिनांच्याच बिजागऱ्या वापरत. दार फुगलं तर स्क्रू सोडवायला नकोत, पिना काढल्या की दार हातात येतं. आत उघडणाऱ्या दाराच्या पिना घराच्या आत असतात, त्यामुळे त्यात काही धोका नसतो. पण दार बाहेर उघडायला लागलं की बिजागऱ्या बाहेर येतात आणि पिना बोळात. कालचा शिकाऊ पोरगाही ही चूक करता ना. पण काल शिकलेल्याला बाहेर उघडणारी दारं तरी ठाऊक असतात. यांनी चाळीस वर्षं त्यांच्याकडे पाठ फिरवली होती.

आणि पिना कशा काढायच्या हे गिरमिटला कुणी शिकवलं होतं? पोरगा बारा वर्षांचा होता. मिस्त्रींनी त्याच्या हातात खिळा आणि हातोडी दिली होती. दार अडलं तर चौकटीशी भांडू नकोस, खालून तीन हलके ठोके घाल, पिन वर येते आणि दार तुझ्या हातात. गुरूची विद्या गुरूला, ती अशी.

"काय झालं?" सून चहाचा कप घेऊन दारात उभी होती.

"चूक झाली," मिस्त्री म्हणाले. "किती वाजले?"

"साडेतीनला पाच कमी."

बिजागऱ्या बदलायला वेळ नव्हता आणि दुसऱ्या जवळ नव्हत्या. मिस्त्री उंबरठ्यावर बसले. डोकं हातात धरून बसावं असं फार वाटलं, पण तेवढाही वेळ नव्हता. मग त्यांना त्यांचे बुटके उस्ताद आठवले. ज्यांच्या हाताखाली ते शिकले, त्या उस्तादांनी एकदा एका सोनाराच्या कोठीचं दार केलं होतं, बाहेर उघडणारं, आणि त्यात एक खुबी केली होती. प्रत्येक बिजागरीच्या दोन पात्यांतला समोरासमोरचा एकेक स्क्रू काढायचा. चौकटीकडच्या भोकात जाड खिळा ठोकायचा, त्याचं डोकं उडवायचं आणि पेरभर खिळा बाहेर ठेवायचा. दार मिटलं की तो खिळा समोरच्या मोकळ्या भोकात जाऊन बसतो. मग खुशाल पिना काढा, दार चौकटीला धरून राहतं. मिस्त्रींनी ते एकदाच पाहिलं होतं. घरांच्या दारांना त्याची गरज पडत नाही, म्हणून ते त्यांनी कुणालाही शिकवलं नव्हतं. मुलालाही नाही.

वरची बिजागरी झाली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. खालच्या बिजागरीचा खिळा कापताना घाईत करवतीचं पातं निसटलं आणि अंगठ्याला लागलं. रक्त पितळेवर पडलं. सुनेनं न विचारता ओढणीच्या टोकानं ते पुसलं आणि दिवा धरल्यासारखी खिळा धरून बसली. मिस्त्रींनी समोरचं भोक गिरमिटानं खोल केलं, भुसा फुंकून काढला, दार मिटून पाहिलं. बसलं.

मधली बिजागरी राहिली होती. त्यांनी स्क्रूला पेचकस लावला, तेवढ्यात गॅलरीतून चिमीचा आवाज आला. "पप्पा आले! खाली बघा, पप्पा!"

मिस्त्रींनी पेचकस पिशवीत टाकला, आत आले, दार ओढून घेतलं आणि दोन्ही कड्या घातल्या. बोळात आता त्यांच्या हातचं काहीच उरलं नव्हतं, थोडा भुसा तेवढा होता. सुनेनं चिमीला आतल्या खोलीत बसवलं आणि फोन लावला. "आला आहे. हो, जिना चढतोय. लवकर या." घड्याळात चारला दहा कमी होते.

पावलं आली आणि थांबली. दारावर बोटांनी ठोकल्याचा आवाज झाला.

"उघड."

मिस्त्री दारापासून हातभर अंतरावर उभे होते. आपण इथे आहोत हे त्याला कळू नये असं त्यांना वाटत होतं आणि त्या वाटण्याचीही त्यांना लाज वाटत होती.

"उघडतेस का नाही?"

मग पहिली लाथ बसली. घर हादरलं, भांड्यांच्या फळीवर कप खणखणले, पण दार चौकटीवर दाबलं गेलं, एवढंच. दुसरी त्याहून जोरात बसली. तिसरीला बाहेरून कळवळल्यासारखा आवाज आला. सून भिंतीला टेकली होती. तिनं ओठ इतके घट्ट मिटले होते की ते पांढरे पडले होते.

"दार उलटं केलंस?" गिरमिट म्हणाला. आणि मग तो हसला. ते हसू मिस्त्रींना ओळखीचं होतं, दुसऱ्या सुताराचं काम बघून तो असाच हसायचा. "कुठल्या नवशिक्याला आणलं होतंस? बिजागऱ्यांच्या पिना बाहेर ठेवल्यात येड्यानं!"

पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. मग ठोके सुरू झाले. तीन हलके, मग थांबा. तीन हलके, मग थांबा. मिस्त्रींनी डोळे मिटले. त्या ठोक्यांत एकही ठोका फुकट जात नव्हता, एकही वाकडा पडत नव्हता. असा हात त्यांनी स्वतः घडवला होता. पहिली पिन फरशीवर पडून गरंगळली. मग दुसरी. मग तिसरी.

"बाबा," सून कुजबुजली, "आता दार पडेल का?"

"बघू," मिस्त्री म्हणाले. खोटं सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

बिजागरीच्या फटीत पटाशी शिरली. सकाळीच धार लावलेली ती पटाशी, टोक आतूनही दिसत होतं. तिच्यावर जोर आला. दाराची मधली कड करकरली, बाहेर सरकली, बोटभर उजेड आत आला. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी दार आत ओढायचा प्रयत्न केला, पण सपाट फळीला धरायला काही नव्हतं. त्यांनी नुसते तळवे टेकवले. वर आणि खाली दार जागचं हललं नाही. पुन्हा जोर आला. मधे उजेड रुंद झाला आणि परत मिटला. वर आणि खाली, काही नाही.

बाहेर पटाशी थांबली. मिस्त्रींना ठाऊक होतं तो काय करतोय. तो वाकून फटीत बघत असणार, उजेडाकडे तोंड करून, एक डोळा मिटून, लहानपणी बघायचा तसा. आणि त्याला पितळेच्या दोन पात्यांमधून आडवा गेलेला खिळा दिसत असणार.

"बाबा?" बाहेरून आवाज आला.

मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर ते कुणाच्या बाजूला उभे आहेत हे कायमचं ठरलं असतं. पण ते तर दुपारी बारालाच ठरलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणून वर्षभर काढलं होतं, आता आणखी किती काढणार?

"हो," ते म्हणाले. "मीच."

"हे मला तुम्ही शिकवलं नाही."

"नाही."

"का?"

"आपल्याच घरावर वापरावं लागेल असं वाटलं नव्हतं."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग गिरमिट बोलला तेव्हा त्याचा आवाज एकदम लहान झाला होता, समजूत काढल्यासारखा. "बाबा, मला पोरीला भेटायचंय फक्त. उघडा ना. तुम्ही आहात ना आत, मग मी काय करणार आहे? बाप आहे मी तिचा."

मिस्त्रींचा हात कडीवर गेला. हे लपवून उपयोग नाही, हात गेला. मुलगा ना. त्याच्या तापात रात्र रात्र जागलेला हात होता तो. सुनेनं ते पाहिलं, पण ती पुढे आली नाही. ती नुसती त्या हाताकडे बघत राहिली. मग मिस्त्रींची नजर फरशीवरच्या दोन ओरखड्यांवर पडली आणि त्यांनी हात खाली घेतला.

"पटाशी खाली ठेव," ते दाराला म्हणाले. "हातात पटाशी घेऊन पोरीला भेटायला येतात का?"

याचं उत्तर म्हणून दारावर पुन्हा लाथा बसल्या, मोजता येणार नाहीत इतक्या, आणि शिव्या, त्यातल्या काही सुनेला आणि काही प्रथमच बापाला. मधली कड करकरत राहिली. मिस्त्री आणि सून दोघंही तिथे खांदा लावून उभी राहिली. त्यानं काही उपयोग होत नव्हता, दार बाहेर उघडणारं होतं, तरी राहिली. आत चिमी मोठमोठ्यानं पाढे म्हणत होती. तसं करायला तिला कुणी शिकवलं होतं ते मिस्त्रींनी विचारलं नाही.

चार वाजून बारा मिनिटांनी जिन्यात बुटांचा आवाज आला.

"ए! काय चाललंय?" एक जाड आवाज म्हणाला.

आणि गिरमिट क्षणात गिऱ्हाइकाशी बोलायच्या स्वरात आला. "काही नाही, हवालदार साहेब. माझंच घर आहे. दार बिघडलंय, दुरुस्त करतोय. सुतार आहे मी."

हातात हत्यारं, खांद्यावर पिशवी, पायाशी भुसा. कुणालाही पटलं असतं. हवालदारालाही अर्धं पटलं. "बाई, उघडा दार," तो म्हणाला. "बोलून घेऊ."

"उघडायचं नाही," मिस्त्री आतून ओरडले. "आधी पिना घाला. नाहीतर दार तुमच्या अंगावर येईल."

हवालदार वाकून फरशीवरच्या पिना गोळा करू लागला. एक बिजागरीत घालून पाहिली, शिरेना. दुसरी घातली, तीही शिरेना. तो चिडून पुटपुटला.

"वरची आधी घाला," गिरमिट म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "नाहीतर दाराचा पल्ला झुकेल."

मिस्त्री दाराला कपाळ टेकवून उभे होते. त्या एका वाक्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. लाथांनी आलं नव्हतं, शिव्यांनीही आलं नव्हतं. पोराला दाराची काळजी अजून होती.

पिना बसल्या. मिस्त्रींनी कड्या काढल्या आणि दार बाहेर लोटलं. हवालदाराला मागे सरावं लागलं, गिरमिटलाही. समोरच्या काकू आपल्या दारात उभ्या होत्या.

गिरमिटनं बापाकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर मघाचंच ते समजूत काढणारं हसू. "हे माझे वडील," तो हवालदाराला म्हणाला. "तेही सुतार आहेत. विचारा त्यांना. बाबा, सांगा ना. दार अडलं होतं, एवढंच ना?"

हवालदारानं चौकटीवर नजर फिरवली. "दार तर चांगलं दिसतंय," तो म्हणाला.

मिस्त्री खाली वाकले, मुलाच्या पायाशी पडलेली पटाशी त्यांनी उचलली. हवालदार दचकून पुढे आला. पण मिस्त्री वळले ते चौकटीकडे. अंगठ्यानं चाचपून त्यांनी पॉलिशखालची रेष शोधली, तिच्यावर पटाशीचं टोक ठेवलं आणि तळहातानं दाबलं. रेषेला रेषा जुळवून बसवलेलं ठिगळ टकन बाहेर आलं. मागे फाटलेलं, उपटलेलं जुनं लाकूड उघडं पडलं. ठिगळाच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं तारीख घातलेली होती. मिस्त्रींची ती सवयच होती, प्रत्येक कामावर, कुणाला दिसणार नाही अशा जागी.

"बाबा, काय करताय?" गिरमिट म्हणाला.

दुसरं ठिगळ निघालं. मग तिसरं. या चौकटीवर मिस्त्रींनी याहून चांगलं काम केलेलं नव्हतं आणि ते त्यांनी पाच मिनिटांत उचकटून काढलं. तिन्ही तुकडे त्यांनी हवालदाराच्या हातावर ठेवले.

"तीनदा दार फोडलं," ते म्हणाले. "तीनदा मी झाकलं. तारखा मागे आहेत. या बाईंची तक्रार लिहून घ्या, मी साक्षीदार आहे."

"आणि मी ऐकलेलं आहे," समोरून काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल इतका मोठा होता. "तिन्ही वेळा."

हवालदारानं खिशातून वही काढली. तुकडे उलटेसुलटे करून पाहिले. मग मिस्त्रींच्या रक्ताळलेल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"जबाबात लिहायचंय. तुमचं यांच्याशी नातं काय?" त्यानं गिरमिटकडे पेन दाखवून विचारलं.

गिरमिट बापाकडे बघत होता. आता हसत नव्हता. बारा वर्षांचा असताना पहिली पिन बाहेर आली तेव्हा त्यानं असंच पाहिलं होतं, आता पुढे काय, असं.

"मुलगा आहे माझा," मिस्त्री म्हणाले. "लिहा."